कोठार खुले आहे. पण मागणे कोणाला येते?

वांद्रे-कुर्ला संकुलात माहितीला भाव आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराची कचेरी याच संकुलात असून तेथील व्यवहारांचे क्षणाक्षणाचे आकडे ज्या दलालाला वा संस्थेला हवे असतील तिला त्यांची फी मोजावी लागते. आकडे थोडेसे उशिरा हाती आले तरी त्यांची किंमत उतरते, हे तेथे काम करणारा साधा कारकूनही जाणतो. याच संकुलाच्या कडेने मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते आणि तिच्या काठच्या चिखलात तिवराची झाडे उभी आहेत. ती खाऱ्या पाण्यात वाढतात, बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतात आणि उरलेले पानांवाटे बाहेर टाकतात; तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते. ज्या जनुकांच्या बळावर हे झाड एवढे करू शकते त्यांचा संपूर्ण अनुक्रम २०२१ सालापासून जगातील कोणालाही, कोणत्याही देशातून, एक पैसा न देता पाहता येतो व उतरवून घेता येतो. इमारतीतील शेअरचा भाव विकत घ्यावा लागतो आणि समोरच्या झाडाच्या जनुकांचा मजकूर फुकट मिळतो, ही स्थिती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटावी अशीच आहे. तिचा विचार मात्र आपल्याकडे क्वचितच होतो आणि झालाच तर परदेशी कंपन्या आपली संपत्ती लुटून नेतात या एका वाक्यावर तो संपतो.

हा मजकूर जेथे साठवला जातो ते कोठार म्हणजे 'जेनबँक'. जेथे पहिला अणुबाँब तयार झाला त्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत, वॉल्टर गोड या पदार्थवैज्ञानिकाच्या पुढाकाराने, १९८२ साली त्याची स्थापना झाली. तत्पूर्वी १९६५ साली मार्गारेट डेहॉफ या विदुषीने तोवर ज्ञात झालेल्या प्रथिनांच्या रचनांचा एक छापील संग्रहच काढला होता. जगातले सगळे अनुक्रम एका पुस्तकात मावतील असे ते दिवस होते. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या छत्राखाली एक स्वतंत्र केंद्र उभे केले आणि पुढे जेनबँकेची व्यवस्था त्याच्याकडे आली. युरोपात आणि जपानमध्ये अशीच आणखी दोन कोठारे आहेत. ही तिन्ही कोठारे आपापल्या नव्या नोंदींची रोजच्या रोज देवघेव करतात, त्यामुळे एका ठिकाणी जमा केलेली नोंद तिन्ही ठिकाणी मिळते. हा सारा खर्च त्या त्या देशांचे करदाते सोसतात. वाचणाऱ्याकडून वर्गणी घेतली जात नाही, जमा करणाऱ्याला मोबदला दिला जात नाही.

ग्रंथालयाशी ज्याचा परिचय आहे त्याला यातील एक नोंद समजायला कठीण जाऊ नये. प्रत्येक नोंदीला दाखल क्रमांक असतो आणि नोंदीतील अनुक्रम बदलला की त्याच्या पुढचा आवृत्तीचा आकडा वाढतो. त्याखाली सजीवाचे शास्त्रीय नाव, नमुना कोठे व कधी घेतला, तो कोणी जमा केला, त्यावर कोणता निबंध प्रसिद्ध झाला अशी माहिती येते. मग कोणता भाग कोणत्या जनुकाचा, याचा तपशील येतो आणि सर्वांत शेवटी ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या रांगा लागतात. तिवराच्या बाबतीत अशी सुमारे पंचेचाळीस कोटी अक्षरे आहेत. ती कोणी डोळ्यांनी वाचणार नाही हे उघड आहे. आणि येथेच संगणकाच्या आज्ञावलीचा प्रश्न उभा राहतो.

संगणकवाल्यांच्या भाषेत 'लायब्ररी' या शब्दाचा अर्थ पुस्तकांचे दालन असा नसतो. दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेल्या आणि आपल्या आज्ञावलीत नुसत्या बोलावून घ्यावयाच्या तयार अवजारांची ती पेटी असते. जीवशास्त्रासाठी अशी जी एक पेटी पुष्कळ वापरली जाते तिचे नाव 'बायोपायथन'. १९९९ मध्ये काही थोड्या स्वयंसेवकांनी तिचे काम आरंभिले आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली आवृत्ती बाहेर पडली. जगभरच्या शेकडो लोकांनी तिच्यात फुकट भर घातली आहे आणि ती वापरण्यासही काही द्यावे लागत नाही. तिच्यातील एक अवजार जेनबँकेच्या शोधयंत्रणेशी बोलते. हे संभाषण दोन टप्प्यांत होते. प्रथम विचारावयाचे, की अमुक नावाच्या, अमुक लांबीच्या, अमुक काळातल्या नोंदी आहेत काय? उत्तरादाखल केवळ क्रमांकांची यादी येते. ती यादी हाती आली की दुसऱ्या खेपेस त्या क्रमांकांच्या नोंदी मागवावयाच्या. जुन्या ग्रंथालयात सूचीच्या खणातले कार्ड पाहून चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा आणि मग ती चिठ्ठी खिडकीत द्यायची, तसाच हा प्रकार आहे. आणि त्या खिडकीतल्या गृहस्थांप्रमाणे या यंत्रणेलाही काही शिस्त अपेक्षित असते. विचारणाऱ्याने आपला ई-मेलचा पत्ता द्यावा, सेकंदाला तीनांहून अधिक प्रश्न विचारू नयेत, नोंदणी करून किल्ली घेतली असल्यास दहांपर्यंत विचारावेत, असा नियम आहे. तो मोडणाऱ्याचा जोडणी-पत्ता बंद केला जातो. ज्या महाविद्यालयात सगळे संगणक एकाच पत्त्याने बाहेर पडतात तेथे एका उतावळ्या विद्यार्थ्याच्या चुकीने सगळ्या वर्गाचे दार लागू शकते. मोठ्या मागण्या शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात कराव्यात, अशीही सूचना आहे. आपल्या घड्याळाप्रमाणे ही वेळ साधारण सकाळी सात ते दुपारी तीन अशी येते. वांद्र्याच्या महाविद्यालयांची प्रात्यक्षिके नेमकी याच वेळात चालतात. एरवी भूगोलाने आपल्यावर केलेल्या अन्यायाबद्दल आपण फार बोलतो, तेव्हा हा एक त्याचा उपकारही नोंदवून ठेवावा.

तर मग अडचण कोठे आहे? दार उघडे, अवजार फुकट, वेळही सोयीची. अडचण अशी, की कोठाराला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर मिळते आणि प्रश्न चुकला आहे हे ते कधीही सांगत नाही.

अगदी पहिल्याच पायरीवरील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. शोध घेतल्यावर जे उत्तर येते त्यात एकूण किती नोंदी सापडल्या याचा आकडा असतो. परंतु सोबतच्या यादीत, मुद्दाम अधिक मागितल्याखेरीज, फक्त वीस क्रमांक येतात. सापडलेल्या नोंदी पाच हजार असोत की पन्नास हजार, यादी विसांचीच. नवखा विद्यार्थी यादी मोजतो, आकडा पाहत नाही आणि त्या विसांवरून सरासरी काढून मोकळा होतो. हे वीस चिठ्ठ्या टाकून निवडलेलेही नसतात. यंत्रणेच्या क्रमवारीत जे वर असतील ते येतात. ज्यांनी नमुना पाहणीची पाठ्यपुस्तके शिकवली आहेत त्यांना यातील धोका समजावून सांगण्याची गरज नाही. वॉर्डातील पहिल्या वीस घरांत जाऊन मुंबईची शिरगणती झाली असे कोणी म्हणत नाही, पण संगणकाच्या पडद्यावरून आले की त्याच गोष्टीला शास्त्राचे रूप येते.

दुसरी चूक नावाची. तिवराचे शास्त्रीय नाव नुसतेच कोठेही आढळले तरी चालेल अशा रीतीने विचारले, तर तिवराबरोबरच त्याच्या मुळांशी व पानांत राहणाऱ्या बुरशी आणि जिवाणू यांच्याही नोंदी हाती पडतात, कारण त्यांच्या नोंदीत यजमान म्हणून तिवराचे नाव लिहिलेले असते. सजीवाच्या रकान्यातच हे नाव हवे असे स्पष्ट सांगितले तर हा घोळ टळतो. भाडेकरूंची नावे मालकांच्या यादीत जाऊ नयेत, एवढाच हा मुद्दा.

तिसरी चूक ठिकाणाची, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. वांद्र्याच्या खाडीत घेतलेल्या नमुन्याची नोंद शोधावयाची तर जमा करणाऱ्याने ठिकाण काय लिहिले होते हे आधी ठाऊक हवे. कोणी शहराचे जुने इंग्रजी नाव लिहील, कोणी १९९५ नंतरचे नवे, कोणी केवळ राज्य, आणि कित्येक जण 'भारत' या एका शब्दावर थांबतील. जुन्या असंख्य नोंदींत तर ठिकाणाचा रकानाच नाही. त्यात २०२४ मध्ये या रकान्याचे नाव बदलले. पूर्वी त्याला 'देश' म्हणत, आता 'भौगोलिक स्थाननाम' म्हणतात. समुद्र आणि वादग्रस्त प्रदेश यांचा विचार करता बदल रास्तच होता. परंतु ज्या हजारो आज्ञावल्या जुन्या नावाने विचारीत होत्या त्यांना ठिकाणाचा पत्ताच लागेना. काही आज्ञावल्या चूक दाखवून थांबल्या असतील. ज्यांच्या कर्त्याने 'रकाना नसल्यास रिकामा समज' अशी सोय करून ठेवली होती त्यांनी मात्र निमूटपणे सगळ्या जगाला ठिकाणाविना ठरवले असणार. रिकाम्या उत्तराचा अर्थ तेथे काही नाही असा घ्यायचा की विचारणे चुकले असा, हा विवेक अवजार शिकवीत नाही.

शिवाय कोठारातील माल निवडून-पाखडून ठेवलेला असतो, अशीही समजूत करून घेऊ नये. हे अभिलेखागार आहे. नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याने ती जमा केली त्याचा. इतरांना फार तर चूक निदर्शनास आणून देता येते. २०२० साली दोन संशोधकांनी सगळे कोठार तपासले तेव्हा वीस लाखांहून अधिक नोंदींत परक्या सजीवाच्या अनुक्रमांची भेसळ आढळली. प्रयोगशाळेत नमुना हाताळणाऱ्याचे, शेजारच्या परीक्षानळीतल्या जिवाणूचे काही अंश मिसळतात आणि त्याच नावाने नोंदले जातात. दुधात पाणी किती हे मोजणारे यंत्र आरे कॉलनीच्या काळापासून मुंबईकराच्या परिचयाचे आहे. तशी चाचणी येथे मागणाऱ्यानेच करावयाची असते.

हा सारा खटाटोप काही मोजक्या संशोधकांपुरता आहे असे कोणाला वाटेल, तर त्याने २०२० ते २०२२ हा काळ आठवावा. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मोकळ्या मैदानावर तेव्हा करोनाग्रस्तांसाठी प्रचंड तात्पुरते रुग्णालय उभे होते आणि पुढे त्याच जागी लसीसाठी रांगा लागल्या. त्या लसी व त्याआधीच्या चाचण्या ज्या वेगाने निघाल्या त्याचे कारण २०२० च्या जानेवारीत वूहानच्या विषाणूचा अनुक्रम खुला झाला हे होते. केरळातील पहिल्या रुग्णांपैकी दोघांच्या विषाणूंचे अनुक्रम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने काढले आणि तेही जेनबँकेत दाखल झाले. एमटी ०१२०९८ हा त्यांपैकी एकाचा दाखल क्रमांक आजही कोणीही मागवू शकतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने कस्तुरबा रुग्णालयात अनुक्रम काढण्याची स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. तोपर्यंत महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे आढळलेला 'डेल्टा' प्रकार जगभर पोचून गेला होता. विषाणू कोणत्या वस्तीत कसा बदलत आहे हे कळण्यासाठी नमुना, अनुक्रम आणि प्रश्न ही तिन्ही कामे त्याच शहरात व्हावी लागतात, हा धडा तेव्हा महाग पडून मिळाला.

आता वळावे ते लुटीच्या आरोपाकडे. तो निराधार आहे असे कोणी म्हणू नये. जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या आज्यांच्या उपचाराचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झगडून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. १९९२ च्या जैवविविधता कराराने प्रत्येक देशाचा आपल्या सजीव संपत्तीवरील हक्क मान्य केला, आणि आपला २००२ चा कायदा त्यावरच आधारलेला आहे. परंतु हे सगळे कायदे झाडाचे मूळ, बी, पान देशाबाहेर जाते या कल्पनेवर रचलेले होते. अनुक्रम एकदा कोठारात गेला की पान नेण्याची गरजच उरत नाही. मजकूर तारेवरून जातो आणि प्रयोगशाळेत जनुक नव्याने जुळवता येते. कस्टमच्या नाक्यावर अडवण्यासारखे काही हाती लागत नाही.

इंडोनेशियाने २००७ साली याचा उद्वेग जगापुढे मांडला. आम्ही बर्ड फ्लूचे विषाणू देतो, त्यावर लस दुसरे करतात आणि आम्हालाच ती परवडत नाही, असे म्हणून त्या देशाने नमुने देणे थांबवले. त्याची तक्रार खरी होती, मार्ग मात्र धोक्याचा होता. त्याच वादातून पुढच्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या अनुक्रमांसाठी 'जिसेड' नावाचे एक निराळे कोठार निघाले. तेथे ओळख पटवून, अटी मान्य करूनच आत जाता येते आणि मिळालेला मजकूर पुढे वाटता येत नाही. करोनाचे बहुतेक भारतीय अनुक्रम तेथेच गेले. जमा करणाऱ्याला तेथे आपला मान राहील असे वाटते. उलट वांद्र्यातील एखाद्या विद्यार्थ्याला जेनबँकेप्रमाणे दहा ओळींची आज्ञावली लिहून तेथून हवे ते मागवता येत नाही. बंद दाराचा भार नेहमी प्रथम दुबळ्यावर पडतो. मोठी औषध कंपनी करार करण्यासाठी वकील ठेवू शकते; बिनअनुदानित महाविद्यालय ठेवू शकत नाही.

म्हणून २०२४ च्या अखेरीस कोलंबियातील काली या शहरी जैवविविधता कराराच्या सभासद राष्ट्रांनी जो तोडगा मान्य केला तो अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. त्यानुसार कोठारे खुलीच राहावयाची आहेत. मात्र औषधे, सौंदर्यप्रसाधने, बियाणे अशा उद्योगांतील ज्या मोठ्या कंपन्या या अनुक्रमांचा लाभ घेतात त्यांनी आपल्या नफ्याचा १ टक्का किंवा विक्रीचा ०.१ टक्का एका जागतिक निधीत घालावा आणि त्या निधीचा निदान अर्धा भाग आदिवासी व स्थानिक समाजांच्या गरजांकडे जावा, अशी अपेक्षा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत हा निधी सुरू झाला. मेख एवढीच, की देणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक कराचे उत्पन्न काय असते हे अर्थखात्यातील कोणत्याही कारकुनाला विचारावे! ते सक्तीचे करण्याचे काम प्रत्येक देशाच्या विधिमंडळावर सोडलेले आहे. तरीही तत्त्व बरोबर आहे. वाचण्यावर पट्टी न लावता वाचून जो माल विकला गेला त्यावर ती लावावयाची. सार्वजनिक वस्तूचे अर्थशास्त्र हेच सांगते, कारण एकाने नोंद वाचल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. पण विक्रीतून मिळालेला नफा एकाच्याच खिशात जातो.

देशाचा वाटा देशाला, असे म्हणणे ऐकायला गोड आहे. तिवराचे उदाहरण घेतले की ते किती अवघड आहे ते कळते. २०२१ सालीच या झाडाचे दोन संपूर्ण अनुक्रम प्रसिद्ध झाले. एक भारतीय शास्त्रज्ञांनी काढला. चेन्नईजवळच्या विद्यापीठातील संशोधकांचा त्यात पुढाकार होता. दुसरा अबू धाबी येथील संशोधकांनी काढला. तिवर पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत पसरलेले आहे. उद्या एखाद्या कंपनीने मीठ सोसणारे जनुक यातून उचलले तर त्याची स्वामित्वाची पावती मिठीच्या नावाने फाडायची, कावेरीच्या मुखाच्या, की इराणच्या आखाताच्या? मागणाऱ्याने दोन्ही नोंदी मागवल्या असतील, त्या शेजारी शेजारी मांडून तुलना केली असेल. वाटणी करणाऱ्या कोर्टाला येथे काहीही वाटता येणार नाही. एकत्रित निधीचा युक्तिवाद इतका भक्कम आहे तो यामुळे.

आणि प्रश्न केवळ झाडाच्या अभिमानाचा नाही. वांद्र्याला लागून असलेल्या उपनगराचे नावच खार. पुढे रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने खाडीचे पाणी शिरून नापीक होणाऱ्या जमिनींसाठी महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदा केला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारे पाणी सोसणाऱ्या भाताच्या 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' या जाती निवडीने आणि संकराने काढल्या. २००८ मध्ये चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानातील शास्त्रज्ञांनी तिवराचे एक जनुक 'पुसा बासमती-१' या भातात घालून तो क्षार अधिक सोसतो असे दाखवले. ते काम प्रयोगाच्या पातळीवरच राहिले, कारण परक्या जनुकाच्या भाताला आपल्याकडे शेतात परवानगी नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेने बाहेरचे जनुक न घालता भाताच्याच जनुकात फेरफार करून काढलेल्या दोन जाती जाहीर केल्या. त्यांतील एक क्षार व अवर्षण सोसणारी असल्याचे परिषदेचे म्हणणे आहे. या जातींच्या गुणांबद्दल वाद होतील, व्हावेतही. पण जनुकाचे नेमके कोणते अक्षर बदलायचे हे ठरवण्यासाठी आधी कोठारातून अनुक्रम मागवून इतर भातांशी ताडून पाहावा लागतो. दारिद्र्याचा प्रश्न आणि दहा ओळींची आज्ञावली यांच्यातले अंतर दिसते तेवढे मोठे नाही.

या कोठाराच्या शाश्वतीबद्दलही आता निर्धास्त राहता येत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून अमेरिकेने व्यक्तींच्या जनुकीय माहितीची बंदिस्त कोठारे चीनसह काही देशांतील संस्थांना बंद केली. जेनबँक त्यात नाही, परंतु खुलेपणा ही एका सरकारची मर्जी आहे, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारचा खर्च मंजूर न झाल्याने त्याची कामे ठप्प झाली, तेव्हा तेथील माहिती अद्ययावत नसेल अशा सूचना लावाव्या लागल्या. भारताने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फरिदाबाद येथे आपले राष्ट्रीय जैविक माहिती केंद्र उघडले आहे आणि दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती २०२५ च्या जानेवारीत तेथून संशोधकांना उपलब्ध झाली. ती अर्जानंतर, तपासून दिली जाते आणि तसेच योग्य आहे. माणसाचा अनुक्रम व तिवराचा अनुक्रम यांना एकच न्याय लावता येत नाही. पहिल्यात शेजाऱ्याच्या आजाराचे, कुळाचे रहस्य असते. पण तिवराच्या, भाताच्या, खाडीतल्या कालवांच्या नोंदींची खुली प्रत देशात असावी, ती परदेशी कोठाराइतक्याच सहजतेने आज्ञावलीने विचारता यावी आणि तिचे नियम इंग्रजीबरोबर देशी भाषांतही लिहिलेले असावेत. तसे झाले नाही तर फरिदाबादेत इमारत राहील आणि विद्यार्थी मेरीलँडलाच चिठ्ठी पाठवीत राहतील.

महाराष्ट्राला या क्षेत्रात उशिरा जाग आली असेही म्हणता येत नाही. पुणे विद्यापीठात १९८७ मध्येच, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने, या शास्त्राचे केंद्र सुरू झाले, डॉ. अशोक कोळस्कर यांनी ते वाढवले. प्राण्यांच्या विषाणूंची माहिती संगणकावर संकलित करण्याचे काम तेथे झाले. खेदाची गोष्ट ही, की हे शास्त्र पदव्युत्तर वर्गाच्या दारातच अडले. बी.एस्सी.च्या पोराला आजही जनुकाची आकृती वहीत काढता येते, पण त्या जनुकाची नोंद कोठून मागवायची हे पुष्कळदा ठाऊक नसते. यासाठी रसायने लागत नाहीत, काचसामान लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि ज्याला प्रश्न विचारता येतो असा शिक्षक पुरतो. तिसऱ्या गोष्टीचा तुटवडा पहिल्या दोहोंपेक्षा जास्त आहे. अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनाही हे प्रात्यक्षिक द्यावे. जनगणनेच्या तक्त्याला विचारायचे नियम काही निराळे नाहीत.

राहिला प्रश्न नोंदींच्या दर्जाचा, आणि तेथे स्थानिक संस्थांना काम आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने व महापालिकेने आपल्या हद्दीतील वनस्पती-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला होता. कोठे ही वही मनापासून लिहिली गेली, कोठे मुदत टळू नये म्हणून भरली गेली. या वहीचा आणि कोठारातील नोंदीचा एकमेकांशी संबंध जोडलेला नसतो. वास्तविक राज्य जैवविविधता मंडळाने नियम करावा, की महाराष्ट्रात घेतलेल्या नमुन्याचा अनुक्रम जमा करताना गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख आणि नोंदवहीचा पान क्रमांक एवढे तपशील भरलेच पाहिजेत, आणि मिळालेला दाखल क्रमांक त्या संस्थेला कळवून वहीत चिकटवला पाहिजे. २०२५ च्या केंद्रीय नियमांत अनुक्रमांच्या माहितीचाही विचार झाला असल्याने असा नियम करण्यास आता आधार आहे. मग उद्या कालीच्या निधीत पैसे जमलेच, तर वांद्र्याच्या कोळीवाड्यातील माणसाला तोंडी दावा मांडावा लागणार नाही. स्थाननामाच्या रकान्यात वांद्रे आणि तारखेच्या रकान्यात तारीख असलेली नोंद कोणताही विद्यार्थी दुपारी तीनच्या आत मागवून त्याच्या हातात ठेवू शकेल.